ग्रिड नसलेल्या घरात रात्रभर एसी : एका बेडरूमचा पूर्ण हिशेब

तक्रार दोन वाक्यांची होती. संध्याकाळनंतर एसीचा कॉम्प्रेसर उचलताना अधूनमधून इन्व्हर्टर ट्रिप होतो. आणि ट्रिप झाला नाही, तरी रात्री दोनच्या सुमारास सगळं घर अंधारात जातं. घरच्यांना सगळीकडून एकच सल्ला मिळाला होता : पॅनेल दुप्पट करा, बॅटरी दुप्पट करा. शेवटी पॅनेलही वाढली आणि बॅटरीही बदलली, पण सगळ्यात शेवटी, आणि सांगितलं होतं त्यापेक्षा कमी. या प्रकरणात जे काही शिकण्यासारखं आहे ते कामांच्या क्रमात आहे.

आधी एक शब्दांचा गोंधळ मिटवू. बॅटरीची वीज २३० व्होल्ट करणारं यंत्र म्हणजे इन्व्हर्टर, आणि कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा एसी म्हणजेही ‘इन्व्हर्टर एसी’. पुढे नुसतं ‘इन्व्हर्टर’ लिहिलं असेल तिथे घराचा इन्व्हर्टर समजावा.

होती ती व्यवस्था

एकमजली घर, वर पाच इंची काँक्रीटचा उघडा स्लॅब. एसीची बेडरूम १२ बाय १२ फूट, उंची १० फूट. पश्चिमेच्या भिंतीत ४ बाय ५ फुटांची साध्या काचेची खिडकी, आत पडदा. दाराखाली बोटभर फट. झोपणारी माणसं दोन.

गच्चीवर ५४० वॉटची ६ पॅनेल एका स्ट्रिंगमध्ये (एकामागे एक जोडलेली), म्हणजे ३.२४ किलोवॉट. इन्व्हर्टर ५ किलोवॉटचा, ४८ व्होल्टचा, प्युअर साइन वेव्ह, त्यातच एमपीपीटी चार्जर, म्हणजे पॅनेलांतून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा भाग. १२ व्होल्ट २०० अँपिअर-अवरच्या ४ ट्युब्युलर (लेड-ॲसिड) बॅटऱ्या सिरीजमध्ये : कागदावर ९.६ युनिट. एसी दीड टनाचा, फिक्स्ड स्पीड, म्हणजे कॉम्प्रेसर एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद. बाहेरून येणारी वीज नाही आणि जनरेटरही नाही.

दोन दिवस नुसतं मोजलं

काहीही विकत घेण्याआधी मोजायचं. एसी चालू असताना ७.४ अँपिअर, म्हणजे सुमारे १.६ किलोवॉट घेत होता. सुरू होतानाचा झटका ४१ अँपिअरचा निघाला. साध्या क्लॅम्प मीटरवर हा आकडा दिसत नाही, कारण झटका अर्ध्या सेकंदाच्या आत संपतो आणि मीटरचा आकडा तोवर हलतही नाही. इनरश, म्हणजे सुरू होतानाचा झटका, मोजण्याची सोय असलेला क्लॅम्प मीटर लागतो.

४१ अँपिअर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे ९.४ केव्हीए. इन्व्हर्टरच्या माहितीपत्रकात क्षणिक क्षमता १० केव्हीए लिहिलेली. कागदावर बसतं. मग ट्रिप का? कारण अडचण बॅटरीच्या बाजूला होती. त्या अर्ध्या सेकंदात बॅटरीतून सव्वाशेच्या आसपास अँपिअर ओढले जातात. जुन्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांचा अंतर्गत रोध, त्यात १६ चौरस मिमीची केबल जाऊन-येऊन सहा मीटर, आणि केबलच्या टोकाची एक सैल जोडणी (लग). केबलनेच जवळपास एक व्होल्ट खाल्ला, बॅटऱ्यांनी तीन-साडेतीन. रात्री विश्रांतीला ४८ व्होल्ट दाखवणारी बॅटरी क्षणभर ४३–४४ वर येत होती, आणि त्याच वेळी फ्रिज सुरू झाला की ४२ चा कट लागत होता, म्हणजे व्होल्टेज ४२ च्या खाली गेल्याने इन्व्हर्टर स्वतःहून बंद होत होता. दुपारी पॅनेल चार्ज करत असताना व्होल्टेज ५२ च्या पुढे असतं, म्हणून तेव्हा हा त्रास नव्हता.

अशा वेळी सॉफ्ट स्टार्टर बसवायचा मोह होतो. तो झटका निम्म्याहून कमी करतो आणि ट्रिप खरंच थांबतं. पण रात्री दोनचा अंधार तसाच राहतो, कारण सॉफ्ट स्टार्टर एक युनिटही वाचवत नाही.

आता रात्रीचा हिशेब. एसी रात्री १० ला, २४ अंशांवर. कॉम्प्रेसर साधारण ६२ टक्के वेळ चालू, म्हणजे ताशी एक युनिट. त्यावर इन्व्हर्टरची गळती, फ्रिज, पंखे, राउटर. बॅटरीतून ताशी जवळपास १.४ युनिट जात होती. दहा वाजेपर्यंत दिवे-टीव्हीने १.२ युनिट आधीच घेतलेली. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरावी हा नियम धरला तर ४.८ युनिटची मर्यादा साडेबाराच्या सुमारास ओलांडली जात होती. पुढचा दीड तास एसी बॅटरीच्या आयुष्यावर चालत होता.

त्याहून वाईट गोष्ट दिवसा घडत होती. ३.२४ किलोवॉटच्या पॅनेलांतून स्वच्छ उन्हाच्या दिवशी, पाच तास पूर्ण ऊन आणि सगळे तोटे धरून, १२ युनिट मिळतात. (भर उन्हात पॅनेलचा सेल ६५ अंशांपर्यंत तापतो आणि २५ अंशांच्या वर दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के उत्पादन घटतं, म्हणजे चौदा टक्के तिथेच गेले.) रात्री काढलेली वीज परत भरायला लेड-ॲसिडच्या तोट्यासह आठ युनिट लागत होत्या, दिवसाच्या वापराला आणखी आठ. मिळत होत्या बारा. बॅटरी रोज थोडी अर्धपोटी राहत होती. ट्युब्युलर बॅटरी जितकी खोल उतरल्याने मरते, तितकीच पूर्ण न भरल्यानेही मरते. प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि क्षमता परत येत नाही.

उष्णता कुठून येते

आता एसीकडे न बघता खोलीकडे बघायचं. रात्री १० वाजता इन्फ्रारेड थर्मामीटरने छत आतून मोजलं : ३८ अंश. खोली २४ वर ठेवायची तर त्या १३.४ चौरस मीटर छतातूनच सव्वा किलोवॉट उष्णता खाली उतरत होती. दुपारचं ऊन स्लॅबमधून झिरपून आत यायला चार-सहा तास घेतं, म्हणून उघड्या स्लॅबखाली संध्याकाळी सात ते मध्यरात्र हीच सगळ्यात गरम वेळ. दुपारी गच्चीवर पडलेल्या उन्हाशी एसी रात्री बॅटरीवर झगडत होता.

दुसरा वाटा भिंतींचा. पश्चिमेची भिंत तापलेली, आणि बाकी तीन भिंतींच्या पलीकडे घराचाच गरम भाग. मिळून पाऊण किलोवॉट.

तिसरा वाटा हवेच्या गळतीचा, आणि हा बहुतेक जण धरतच नाहीत. या खोलीत ४० घनमीटर हवा आहे. बाहेर ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असलेल्या रात्री तासाला एकदा जरी ही हवा बदलली, तरी एसीवर ३०० वॉटहून जास्त भार पडतो. त्यातला फक्त ऐंशीच्या आसपास वॉट तापमानाचा, बाकी सगळा दमटपणाचा. एसी तेवढं पाणी हवेतून काढून ड्रेन पाइपमधून टाकत बसतो. दाराखालच्या फटीमुळे आणि खिडकीच्या सैल पल्ल्यामुळे इथे हवा तासाला दोनदा बदलत असावी असा अंदाज निघाला. म्हणजे सहाशे-सातशे वॉट.

माणसं दोन, झोपलेली : दीडशे वॉट. पंखा सत्तर.

बेरीज तीन किलोवॉट. जुन्या एसीची क्षमता कागदावर ५.३ किलोवॉट, कॉइल मळलेला म्हणून प्रत्यक्षात थोडी कमी. ६२ टक्के वेळ चालू राहण्याचं उत्तर इथे सापडलं. एसीमध्ये बिघाड नव्हताच.

छत, खिडकी, दार

स्लॅबवर आधी उतार आणि वॉटरप्रूफिंग तपासलं, मग ५० मिमी जाडीचे एक्सपीएस (कडक फोमचे) बोर्ड सांधे एकावर एक येणार नाहीत असे दोन दिशांना टाकले, त्यावर जाळीसह ४० मिमीचा कोबा आणि वर पांढरं परावर्तक कोटिंग. पॅनेलांच्या स्ट्रक्चरचे पाय बोर्डांवर टेकवायचे नसतात. काँक्रीटचे छोटे पेडेस्टल आधी थेट स्लॅबवर ओतून घ्यायचे, बोर्ड त्यांच्याभोवती कापून बसवायचे आणि पेडेस्टलभोवती वॉटरप्रूफिंग वर चढवायचं. हे उलट क्रमाने केलं की पहिल्याच पावसात पाणी बोर्डाखाली शिरतं आणि मग गळती नेमकी कुठली ते सापडत नाही.

उघड्या स्लॅबमधून दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला सुमारे ३.३ वॉट जातात. ५० मिमी बोर्डानंतर अर्धा वॉट. सहावा हिस्सा.

खालून फॉल्स सीलिंग करून त्यात इन्सुलेशन टाकणं सोपं पडतं. उष्णता तेही अडवतं. पण मग स्लॅब इन्सुलेशनच्या बाहेर, तापलेल्या बाजूला राहतो. वरून केलं की चार टन वजनाचा स्लॅब आतल्या, थंड बाजूला येतो, आणि त्याचा उपयोग पुढे येणार आहे. गच्ची मोकळी असेल तर वरूनच करावं.

खिडकीला बाहेरून बांबूची जाड चीक लावली. आतला पडदा उन्हाला काचेतून आत येऊ देतो आणि मग स्वतः तापतो. ऊन काचेवर पडण्याआधीच अडवायला हवं. पश्चिमेच्या या खिडकीतून दुपारी चारला एक किलोवॉट उष्णता आत येत होती, चिकेनंतर ती अडीचशे-तीनशे वॉटवर आली. पल्ल्यांना रबरी पट्टी, दाराला खालून ब्रश.

दार मात्र पूर्ण हवाबंद करू नये. दोन माणसं आठ तास झोपलेली असताना एवढ्या खोलीत हवा तासाला ०.३ वेळाच बदलली, तर कार्बन डायऑक्साइड २००० पीपीएमच्या वर जातो आणि सकाळी डोकं जड होतं. पाच-सहा मिमीची फट मुद्दाम ठेवली.

एवढं झाल्यावर, सेटिंग २६–२७ अंशांवर नेऊन, रात्रीचा भार तीन किलोवॉटवरून एकावर आला. अजून यंत्रणेतला एकही भाग बदललेला नव्हता.

एसी : एक टन, आणि का

आता दीड टनाचा इन्व्हर्टर एसी घेतला असता तर चुकलं असतं. इन्व्हर्टर एसीचा वेग खाली येतो, पण शून्यापर्यंत नाही. दीड टनाच्या यंत्राची किमान थंडाई साधारण सव्वा-दीड किलोवॉट असते. रात्रीचा भार एक किलोवॉट असेल तर तेही यंत्र बंद-चालू करत बसतं, आर्द्रता नीट काढत नाही, आणि इन्व्हर्टर एसी घेण्याचा हेतूच जातो. एक टनाचं यंत्र ३.५ किलोवॉट थंडाई देतं आणि खाली एकपर्यंत उतरतं. विकत घेताना स्टार रेटिंग बघतातच. त्याबरोबर किमान वॉट किती, हा प्रश्न विचारावा. दुसरा प्रश्न कन्व्हर्टिबल मोडचा, म्हणजे क्षमतेला ४०, ६०, ८० टक्क्यांवर लगाम घालता येतो का. ढगाळ दिवशी हे बटण फार कामाचं ठरतं.

इन्व्हर्टर एसीला सुरू होताना झटका नसतोच. वेग हळूहळू चढतो. ट्रिपची तक्रार इथेच संपली, सॉफ्ट स्टार्टर न लावता. एसीमागचा स्टॅबिलायझरही काढला. साइन वेव्ह इन्व्हर्टर स्थिर व्होल्टेज देतो, त्यामुळे स्टॅबिलायझर फक्त स्वतःची वीज खात बसतो.

आउटडोअर युनिट पश्चिमेच्या भिंतीवरून काढून पूर्वेच्या भिंतीवर नेलं. बाहेरच्या युनिटला मिळणारी हवा एका अंशाने गरम असली, तर वीज दोन-तीन टक्क्यांनी वाढते. पॅनेलांखालच्या सावलीत हे युनिट ठेवायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. तिथे त्याचीच गरम हवा पॅनेलखाली कोंडते आणि दोघांचंही नुकसान होतं. बसवताना पाइप व्हॅक्यूम पंपाने रिकामे करून घेतले. थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलायची घाईची पद्धत ग्रिडवरच्या घरात खपून जाते, पण आत ओलावा आणि हवा राहिली की कॉम्प्रेसर सतत जास्त दाबावर चालतो आणि इथे ते रोज बॅटरीवर दिसतं.

४८ व्होल्ट डीसीवर थेट चालणारे एसीही मिळतात. इन्व्हर्टरमधला तोटा वाचतो, पण तो आठ-दहा टक्केच. त्यासाठी जाड केबल, वेगळं वायरिंग आणि सुटे भाग कुठे मिळतील याची चिंता. बाकी घराला इन्व्हर्टर चालू ठेवावा लागणारच असेल तर हा सौदा जमत नाही. एकच खोलीचं शेतघर असतं तर विचार केला असता.

थंडाई स्लॅबमध्ये साठवणं

या घरात दुपारी वीज जास्त आणि रात्री कमी. बॅटरी हा साठवणुकीचा एक मार्ग. दुसरा मार्ग डोक्यावर आहे. १३.४ चौरस मीटरचा पाच इंची स्लॅब चार टन भरतो, आणि तो एक अंशाने थंड करायला जवळपास एक युनिट उष्णता काढावी लागते. दुपारी तो दोन अंश खाली नेला तर दोन युनिट थंडाई जमा होते, जी रात्री हळूहळू परत मिळते. एसी एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता काढतो, म्हणजे बॅटरीतली पाऊण युनिट वाचली. फार नाही, पण दर रात्री, आणि न झिजणाऱ्या साठ्यातून.

म्हणून वेळापत्रक असं : सकाळी ११ ते संध्याकाळी ५ एसी २४–२५ अंशांवर, दार बंद. ५ ते ९ बंद. रात्री ९ ला २५ वर तासभर, मग २७ आणि सावकाश पंखा. ११ च्या आधी सुरू करायचा नाही, तोवर सकाळची वीज बॅटरीला जाते. एका अंशाने सेटिंग वर नेलं की पाच-सहा टक्के वीज वाचते, आणि पंख्याखाली २७ अंश अंगाला २५ सारखे लागतात. सत्तर वॉटच्या पंख्याच्या जागी तीस वॉटचा बीएलडीसी पंखा आला.

पॅनेल आणि बॅटरी

आता कुठे पॅनेल. आणखी ४ पॅनेल, २.१६ किलोवॉट, पण जुन्या स्ट्रिंगला जोडली नाहीत. ती पश्चिमेकडे कलती, बेडरूमच्या वरच, कोब्यापासून फूटभर उंचावर बसवली. तीन फायदे. दुपारी तीननंतर जुनी पॅनेल उतरणीला लागतात तेव्हा ही भरात असतात, आणि एसीची गरजही तेव्हाच. दिवसभराचं उत्पादन दहा-बारा टक्के कमी मिळतं, ते चालतं. दुसरं, चार पॅनेलांची दहा चौरस मीटर सावली बेडरूमच्या छतावर पडते. तिसरं, इन्व्हर्टरमधल्या एमपीपीटीची प्रवाहाची मर्यादा ओलांडायचा प्रश्न येत नाही.

या चार पॅनेलांना वेगळा १५० व्होल्ट ६० अँपिअरचा चार्ज कंट्रोलर, दोन-दोनच्या दोन स्ट्रिंग. एका पॅनेलचं ओपन सर्किट (भार नसतानाचं) व्होल्टेज ४९.५, दोघांचं ९९. थंड सकाळी हे पाच-सहा टक्के वाढतं, तरी १५० च्या बरंच खाली. तीन सिरीजमध्ये घेतली असती तर १४८.५, आणि एखाद्या थंड सकाळी कंट्रोलर जळाला असता.

एकूण उत्पादन आता चांगल्या दिवशी १९ युनिटच्या आसपास. वापर : दिवसाचा एसी ३.३, रात्रीचा ३.२, बाकी घर आणि इन्व्हर्टर स्वतः मिळून पाच. इन्व्हर्टर नुसता चालू असताना पन्नास वॉट घेतो, म्हणजे दिवसाला १.२ युनिट. हा आकडा बहुतेक हिशेबांत विसरला जातो. तोट्यांसह तेरा.

बॅटरी ५१.२ व्होल्ट २०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट, १०.२४ युनिट. जुनीपेक्षा कागदावर जेमतेम मोठी, पण ८० टक्के वापरता येते. संध्याकाळी ६ ते सकाळी ८ ची एकूण ओढ ७ युनिट, म्हणजे सकाळी ३२ टक्के शिल्लक. जुना एसी आणि उघडा स्लॅब ठेवून हेच करायचं ठरवलं असतं तर रात्रीला १३ युनिट लागल्या असत्या, आणि १६–१७ युनिटची बॅटरी.

केबल ३५ चौरस मिमी, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभरावर १६० अँपिअरचा डीसी फ्यूज. इथे घरातल्या दिशा बदलत राहणाऱ्या (एसी) प्रवाहासाठीचा साधा एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, चालत नाही. डीसी प्रवाह शून्यातून जात नाही, त्यामुळे संपर्क उघडले तरी ठिणगी जळत राहते. एसी यंत्राला मुख्य फळीवरून स्वतंत्र २.५ चौरस मिमीची लाइन आणि १६ अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी. ग्रिड नसलेल्या घरात इन्व्हर्टरच्या आउटपुटचा न्यूट्रल एका ठिकाणी अर्थला बांधलेला नसेल तर आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पडून शॉकपासून वाचवणारा स्विच, नुसता शोभेचा असतो. टेस्ट बटण दाबलं की तो पडतो, त्यामुळे सगळं ठीक वाटतं, पण खऱ्या गळतीला परतीची वाट नसल्याने तो पडत नाही. आधी इन्व्हर्टर आतून हा जोड करतो का ते बघावं. दोन ठिकाणी जोड झाला तर उलटा त्रास.

पहिल्या दोन महिन्यांत जे बिघडलं

लिथियम बॅटरी जोडताक्षणी ठिणगी पडून बीएमएसने, म्हणजे बॅटरीतल्याच संरक्षक सर्किटने, हात वर केले. इन्व्हर्टरच्या आतले रिकामे कपॅसिटर त्या क्षणी शॉर्ट सर्किटसारखे वागतात. ५० ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर मध्ये धरून पाच-दहा सेकंद भरू दिले, मग केबल जोडली.

इन्व्हर्टरमध्ये बॅटरीचा प्रकार ‘ट्युब्युलर’ असाच राहिला होता. आठवड्याने त्याने स्वतःहून इक्वलायझेशन (लेड-ॲसिड बॅटरी अधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेजने भरणं) सुरू केलं, व्होल्टेज ५८ च्या वर गेलं, बीएमएसने बॅटरी तोडली आणि भर दुपारी घर बंद. आता सेटिंग : बल्क (भरतानाचं व्होल्टेज) ५६.०, फ्लोट (भरल्यावर राखायचं व्होल्टेज) ५४, इक्वलायझेशन बंद, कट ४८, पुन्हा जोडणी ५२. दोन्ही चार्जरवर आकडे तंतोतंत तेच. नाहीतर एक चार्जर आधीच फ्लोटमध्ये जातो आणि त्याची पॅनेल बसून राहतात.

पुन्हा जोडणीचा आकडा वर ठेवण्यामागे कारण आहे. एसीला ऑटो रीस्टार्ट असतो. कट लागल्यावर भार जातो, व्होल्टेज आपोआप ५१ पर्यंत वर येतं, इन्व्हर्टर परत सुरू होतो, एसीही परत सुरू होतो, आणि पुन्हा कट. पहाटे हा खेळ तासभर चालला होता. ५२ वर ठेवल्यावर ऊन येईपर्यंत यंत्रणा गप्प बसते.

इन्व्हर्टरवरची बॅटरीची टक्केवारी निरुपयोगी निघाली. ती व्होल्टेजवरून काढलेली होती, आणि या प्रकारच्या सेलचं व्होल्टेज ३० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान जवळपास हलतच नाही. निगेटिव्ह केबलवर शंट लावून येणारे-जाणारे अँपिअर मोजणारा मॉनिटर बसवला.

आणि एक : बीएमएस १०० अँपिअरचा, म्हणजे पाच किलोवॉटच. इन्व्हर्टर पूर्ण भाराला ११५ अँपिअर मागतो. एसी, पाण्याचा पंप, इस्त्री आणि मिक्सर एकत्र आले तेव्हा बॅटरी तुटली. खरं तर १५० अँपिअरचा बीएमएस घ्यायला हवा होता. पंप दुपारी १ च्या टायमरवर टाकून वेळ निभावली.

पांढऱ्या कोटिंगवर धूळ बसली की परावर्तन उतरतं, म्हणून पॅनेल धुताना छतही धुवायचं.

ढगाळ दिवस आणि दुसरी बेडरूम

दाट ढगांत उत्पादन ३० टक्क्यांवर, म्हणजे सहा युनिटच्या आत. दुपारचा एसी बंद ठेवला तरी घराला नऊ लागतात. अशा दिवसांत उष्णता कमी पण दमटपणा जास्त. तेव्हा नियम असा : रात्री ९ ला मॉनिटरवर ६० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर एसी ४० टक्के मोडवर, ४० ते ६० मध्ये असेल तर झोप लागेपर्यंत दोन तास ड्राय मोड, त्याखाली फक्त पंखा. सलग तीन ढगाळ दिवसांसाठी बॅटरी वाढवणं परवडत नाही. ती वर्षातले बहुतेक दिवस रिकामी बसून म्हातारी होते.

घरच्यांची पुढची मागणी दुसऱ्या बेडरूममध्ये एसीची आहे. दोन्ही खोल्या रात्रभर चालवायच्या तर ओढ साडेदहा युनिटच्या आसपास जाते, आणि बॅटरी आहे १०.२४ ची. सध्या दुसऱ्या खोलीवर फक्त बोर्ड आणि कोबा टाकून झाला आहे. पुढच्या उन्हाळ्यात रात्री १० ला तिचं छत आतून किती तापतं ते मोजूनच एसीचं ठरेल.